बाळंतिणीच्या घरचा बंद गिझर

मित्रांनो, मी एक जुना गिझर आहे, आणि तोही सिंगापूरचा. हसलात ना? हसा. जिथे बारा महिने अंगाला घाम, तिथे पाणी तापवणाऱ्याला कोण विचारतो? पण घरात बाळंतीण असली की माझ्यावाचून पान हलत नाही.

मला यिशुनमधल्या एका फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाथरूममध्ये टांगलं, तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. मालक प्रबोध काका, मूळचे ठाण्याचे, आता इथलेच नागरिक. पुढे ते बिशान भागातल्या महागड्या खासगी कॉन्डोत राहायला गेले आणि मला भाडेकरूंच्या हवाली केलं. दहा वर्षं मी इमानेइतबारे पाणी तापवलं. आतून गंजत गेलो, पण काकांनी एकदाही माझं झाकण उघडून पाहिलं नाही. चालतंय ना, मग चालू द्या, हा त्यांचा खाक्या.

२०१४ साली रूपेश आणि रुचिरा राहायला आले. रूपेश जहाजावर मरीन इंजिनिअर, रुचिरा पोटुशी. परमुलखात मराठी मालक मिळाला म्हणून दोघांना आभाळ ठेंगणं झालं. दोन महिन्यांत मी बंद पडलो. करारात स्वच्छ लिहिलं होतं की गिझरची दुरुस्ती मालकाने करायची. काका आले, माझ्याकडे पाहिलं आणि रूपेशच्या पाठीवर थाप मारली.

"अरे, तू जहाजाचे बॉयलर चालवणारा माणूस! हा डबा म्हणजे तुझ्या डाव्या हातचा मळ. इलेक्ट्रिशियन कशाला हवा?"

स्तुतीने कोण फुगत नाही? रूपेश स्टुलावर चढला. स्टूल काकांनीच धरलं होतं. त्याने मला चालू केलं, काका चहा पिऊन गेले, आणि यातलं एक अक्षरही कुणी कुठे लिहून ठेवलं नाही. आपल्या माणसांत कागद कसला!

रूपेश जहाजावर गेला आणि रुचिराला मुलगी झाली. तिची आई कुमुदताई साताऱ्याहून आल्या. त्यांना तीस दिवसच राहायची परवानगी होती. तेवढ्यासाठीच त्या जन्मात पहिल्यांदा विमानात बसल्या होत्या. रोज सकाळी नातीला तेल लावायचं, पायांवर घ्यायचं, माझ्या पाण्याने न्हाऊ घालायचं. त्या गुणगुणायच्या, पोरगी टुकूटुकू बघायची. ते सात दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे.

आठव्या दिवशी माझ्या टाकीला भोक पडलं. रूपेशच्या कामात खोट नव्हती, मीच कुजलो होतो. पण मला कोण विचारणार?

रुचिराने काकांना फोन केला. "उद्या माणूस पाठवतो हं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही उद्या. तिसऱ्या दिवशी तिने करार काढला, कलम वाचलं आणि मोबाइलवर लेखी तक्रार लिहायला घेतली. कुमुदताईंनी तिचा हात धरला.

"अगं, काका म्हणतेस ना त्यांना? लेखी तक्रार करतं का कुणी आपल्याच माणसाची? वाईट दिसतं ते. मी तापवते पाणी गॅसवर."

रुचिराने लिहिलेलं पुसून टाकलं.

चौदाव्या दिवशी सकाळी उकळतं पातेलं घेऊन येताना कुमुदताईंचा पाय बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळला. सगळं पाणी दोन्ही हातांवर सांडलं. ती किंकाळी माझ्या रिकाम्या टाकीत अजून घुमते.

इस्पितळातून परतल्यावर रुचिराने फोन केला, आणि त्या दिवशी मात्र काका तासाभरात हजर. पांढऱ्या पट्ट्यांत बांधलेल्या त्या हातांकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं माझ्याकडे.

"हा रूपेशने उघडला होता. परवाना नसलेल्या माणसाने हात लावायचा नाही असं करारात आहे. माझी जबाबदारी नाही."

"काका, तुम्हीच सांगितलंत! स्टूल तुम्ही धरलं होतं!"

"कुठे लिहिलंय?" काका गोड हसले. "आणि ताई, या वयात जरा बघून चालावं माणसाने."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, तरी मला त्या हसण्याची शिसारी आली.

त्याच दुपारी रुचिराने लिहिलं. कलम लिहिलं, सगळ्या फोनच्या तारखा लिहिल्या, आईच्या हातांचे फोटो जोडले, आणि दाद मागायला कुठे जाणार आहे तेही लिहिलं. काकांचं एका शब्दाचं उत्तर आलं नाही. दोन दिवसांत नवा गिझर मात्र आला. मला उतरवून दाराशी ठेवलं. भंगारवाला यायला वेळ होता, म्हणून पुढचंही पाहायला मिळालं.

नव्याचं पाणी छान कढत येत होतं. रुचिरा लेकीला न्हाऊ घालायची आणि कुमुदताई बाजूला बसून सांगायच्या, मान धर, कानात पाणी जाऊ देऊ नकोस. तिसाव्या दिवशी सामान बांधून झालं. रुचिराने मुलीला आजीच्या मांडीवर ठेवलं. पोरगी रडायला लागली. कुमुदताईंनी पट्ट्यांतले दोन्ही पांढरे हात तिच्यावर नेले आणि तसेच हवेत धरले.

"घे गं हिला," त्या म्हणाल्या, "माझ्याच्याने नाही होत."

म्हणून सांगतो, मित्रांनो, भाड्याच्या घरातली वस्तू बिघडली तर पहिल्याच दिवशी लिहून कळवा, मालक परका असो की काका. वाईट दिसलं तर दिसू द्या. रुचिराने तिसऱ्या दिवशी पुसलेल्या त्या चार ओळी गेल्या असत्या, तर शेवटचे सोळा दिवस ती नात आजीच्या पायांवर न्हाली असती.