काढलेला पार्ट

"खोक्यातनं एकेक उचला आणि पिशवीत टाका," साहेब म्हणाला. "आजपासून रिकाम्या हातानं कुणी बाहेर पडायचं नाही."

खोकं साहेबाच्या टेबलाखाली होतं. त्यात फुगलेले, जळके कपॅसिटर भरलेले. कपॅसिटर म्हणजे एसीच्या बाहेरच्या भागात बसणारं, मुठीत मावणारं पत्र्याचं नळकांडं. ते गेलं की मशीन नुसतं घुरघुरतं, गार हवा काही येत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, त्याचं चांगलं चाललेलं मशीन उघडायचं, मान हलवायची आणि पिशवीतलं जळकं नळकांडं त्याच्या नाकासमोर धरायचं. बघा, तुमचं हे गेलं. मग त्याचाच धडधाकट पार्ट फडक्यानं पुसून परत तिथंच बसवायचा आणि नव्याचे पैसे घ्यायचे. उन्हाळा तोंडावर आला की दुकानाबाहेर 'मोफत तपासणी'चा फलक लागायचा, तो याचसाठी. शी! असल्या धंद्यापेक्षा खिसे कापणारा परवडला, तो निदान घरी बोलावून पाणी पाजायला लावत नाही.

मिस्त्रीनं खोक्याला हात लावला नाही.

"तुम्हाला कोण आग्रह करतंय?" साहेब हसला. "तुम्ही पडलात साधुपुरुष. तुमचे काढलेले पार्ट तेवढे संध्याकाळी खोक्यात पडू देत, म्हणजे झालं."

ते मात्र मिस्त्री टाकत असे. आणि खोक्यातला त्याचा माल लांबूनही ओळखू यायचा. तीस वर्षांची सवय होती त्याची: पार्ट काढला की खिशातल्या जाड पेनानं त्यावर 'खराब' लिहायचं आणि खाली दोन रेघा ओढायच्या, चुकून कुणी परत बसवू नये म्हणून. नवा बसवला की त्यावर गिऱ्हाइकाची खूण लिहायची. स्वतःचं लहानसं दुकान होतं तेव्हा काढलेला पार्ट तो गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा आणि म्हणायचा, "हा तुमचा जुना माल. नीट बघून घ्या." त्याची जाहिरात म्हणाल तर एवढीच. पुढं दुकान बसलं, आणि तो या दुकानात नोकरीला लागला. पहिल्याच उन्हाळ्यात साहेबानं त्याची ही सवय पाहिली आणि मांडीवर थाप मारली. "मिस्त्री, काय डोकं आहे! जळका पार्ट हातात पडला की माणूस गपगुमान पैसे काढतो!" दुसऱ्या दिवशी टेबलाखाली खोकं आलं.

त्या दिवशी मिस्त्रीला ते खुपलं होतं. पण खुपून खुपून किती दिवस खुपणार? मी कुठं कुणाला फसवतो, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि ते त्याला पटलंही.

तेवढ्यात फोन वाजला. ताई होती, त्याची थोरली बहीण.

"अरे, उन्हाळ्याच्या आधी आमचं मशीन एकदा बघून जा रे. ह्यांना उकाडा सोसत नाही. पाठीवरची जखम लगेच चिघळते."

भावोजी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. डावी बाजू गेलेली. त्यांना कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागत. मिस्त्री दारात दिसला रे दिसला की त्यानं चप्पल काढायच्या आधीच ताई हाक मारायची, "आलास? ये, जरा हात लाव."

"ताई, सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही बघ," मिस्त्री म्हणाला. "दुकानात फोन कर. कुणीतरी येईल. आपलीच माणसं आहेत."

फोन ठेवला आणि तो गॉगलबरोबर कामाला निघाला. गॉगल म्हणजे त्याच्या जोडीचा मेकॅनिक, घरातसुद्धा डोक्यावर काळा चष्मा चढवून फिरणारा. दोघं एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या घरी पोचले. गृहस्थ एकटाच राहत होता. त्यानं पंखा लावला, पाणी दिलं, बसायला खुर्च्या पुढं केल्या. मिस्त्री शिडीवर चढला आणि आतल्या भागाच्या जाळ्या काढू लागला. जाळ्यांवर धुळीचा, केसांचा चिकट थर होता, आणि पाणी साठायच्या पन्हाळीत काळं शेवाळ. कुबट भपकारा आला. हा वास त्याला नवा नव्हता, घाण म्हणजे त्याचं रोजचंच काम. पाण्याचा एक झोत मारला की ती जायची.

खाली, बाहेरचा भाग उघडून आलेल्या गॉगलनं पिशवीत हात घातला.

"आजोबा, हे बघा. पार फुगलाय. देवानंच वाचवलं म्हणायचं. घराला आगच लागायची."

म्हाताऱ्यानं ते नळकांडं दोन्ही हातांनी घेतलं. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. मग त्यानं मान वर केली. "मिस्त्री, तुम्ही वयानं मोठे दिसता. खरंच गेलाय का हो?"

गॉगल मिस्त्रीकडं रोखून बघत राहिला. मिस्त्रीच्या हातातून काळं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

"हं," मिस्त्री म्हणाला.

एवढंच. पण खाली उतरल्यावर पुढं आलेला चहा त्यानं तसाच ठेवला. म्हातारा त्याच्या पुढ्यात नोटा मोजत होता आणि वर "बरं झालं वेळेवर आलात" म्हणत होता. मिस्त्रीला गॉगलची किळस आली, साहेबाची आली, आणि आपल्या त्या 'हं'ची तर इतकी आली की जिन्यात येऊन तो कोपऱ्यात थुंकला.

"काय झालं?" गॉगलनं विचारलं.

"काही नाही. पन्हाळीतली घाण तोंडात गेली."

त्या संध्याकाळीही त्यानं दिवसभरात काढलेले दोन खरे खराब पार्ट खोक्यात टाकले.

पुढच्या आठवड्यात ताईचा फोन आला. "झालं बाबा मशीनचं काम. तुमचा तो डोक्यावर चष्मा लावणारा आला होता. रविवारी जेवायला ये."

डोक्यावर चष्मा म्हटल्याबरोबर मिस्त्रीच्या डोळ्यांपुढं ते खोकं आलं. रविवारपर्यंत कसला थांबतोय! हातातलं काम टाकून तो तसाच तिच्या घरी गेला.

दार उघडताच ताई म्हणाली, "आलास? ये, जरा हात लाव." दोघांनी मिळून भावोजींना उजव्या कुशीवर वळवलं. पाठीवरची जखम बघून मिस्त्रीनं नजर वळवली. भावोजी तोंडाची एक बाजू हलवून हसले. "मे... मेकॅनिक," ते चेष्टेत म्हणाले.

"किती घेतले त्यानं?" मिस्त्रीनं ताईला हळूच विचारलं.

"घेतले की. ह्यांच्यासाठी हवेची गादी घ्यायची म्हणून ठेवलेले होते, तेच दिले. गादी घेऊ पुढच्या महिन्यात." तिनं फडताळातून नळकांडं काढलं आणि कौतुकानं त्याच्यापुढं धरलं. "पण पार्ट हातात देऊन गेला हो, अगदी तुझ्यासारखा."

फुगलेल्या पत्र्यावर जाड काळ्या अक्षरात लिहिलं होतं: खराब. खाली दोन रेघा.

"खरं सांगू? मला पटत नव्हतं," ताई म्हणाली. "परवापर्यंत मशीन छान चालत होतं. नको म्हणणारच होते. तर तो म्हणाला, खाली गाडीत तपासून आणतो. वर आला तो हे घेऊन. बघते तर तुझं अक्षर! लहानपणी मीच तर शिकवलं तुला, महत्त्वाचं असेल त्याच्याखाली दोन रेघा ओढायच्या. म्हटलं, खाली गाडीत आपलाच माणूस बसलाय, घाईत असेल म्हणून वर आला नाही. मग मी काही विचारलंच नाही."

मिस्त्रीनं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, मशीन बंद केलं आणि गॅलरीत जाऊन बाहेरच्या भागाचं झाकण उघडलं. ताई मागून बॅटरी घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे उजेड धरून उभी राहिली.

आत एकच नळकांडं होतं. फडक्यानं पुसून लख्ख केलेलं. त्यावर लिहिलं होतं: ताई. खाली दोन रेघा.

"हा तर तूच बसवलेला," ताई म्हणाली. "ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं, त्या वर्षी."

"हो."

"मग नवा कुठाय?"

मिस्त्रीनं सगळं सांगितलं. खोकं, पिशव्या, तो म्हातारा, ते 'हं'. सांगताना त्याला वाटलं, आपण पन्हाळीतली घाण ओंजळीनं उपसून तिच्या स्वच्छ फरशीवर ओततोय. मध्येच ताईनं बॅटरी विझवली.

"पैसे मी उद्या आणून देतो. गादी मीच आणतो," तो म्हणाला.

"अशी किती घरं झाली?"

"मी नाही गं दिले कुणाच्या हातात. मी नुसते खोक्यात टाकले." बोलून झाल्यावर त्याला स्वतःच्या आवाजाचीच शिसारी आली. साहेबही अस्सं गुळगुळीत बोलायचा.

ताईनं हातातल्या नळकांड्याकडं एकदा पाहिलं. मग त्याचा तेलकट हात धरला, तळवा वर केला आणि त्यावर ते ठेवलं.

"हा तुझा जुना माल," ती म्हणाली. "नीट बघून घे."

ती आत गेली. मिस्त्रीनं झाकण बसवलं, एकेक स्क्रू आवळला, मशीन चालू केलं. गार हवा लागली. आतून भावोजींच्या कण्हण्याचा आवाज आला, कूस बदलायची वेळ झाली असावी. मिस्त्री गॅलरीच्या दारात येऊन थांबला. ताईनं एक गुडघा पलंगावर टेकवला होता, दोन्ही हात भावोजींच्या पाठीखाली घातले होते आणि दात आवळून ती एकटीच त्यांना वळवत होती.

तो दारातच उभा होता. तिनं हाक मारली नाही.