उंच नाक, बसकं नाक

जुनी नाणी विकणाऱ्याला सगळा बाजार भिंगकाका म्हणायचा. माणसाकडेही तो भिंगातून पाहिल्यासारखा पाहायचा आणि मनातल्या मनात भाव लावून मोकळा व्हायचा. नाण्यांचे भाव मात्र तो छापायचा. दर वर्षी त्याची दरपुस्तिका निघे आणि संग्राहक ती डोळे मिटून खरी मानत. लिहिणाराही तोच आणि विकणाराही तोच, हे ठाऊक असूनही.

यंदा पुस्तिकेतली एक ओळ अडली होती. 'वेणीवाली मुलगी' या जुन्या निकेलच्या नाण्यावर चेहरा नेमका कोणाचा? ठसा कोरणारे कारागीर केव्हाच वारले होते. मागे त्यांच्या दोन मुली, दोघीही आता सत्तरीपलीकडच्या, आणि चेहरा आपलाच असं दोघींचंही ठाम म्हणणं. या चेहऱ्यापायी बहिणी-बहिणींचं बोलणं बंद होतं. एकदा छापलं की विषय मिटला, म्हणून भिंगकाकाने दोघींना पुराव्यानिशी बोलावलं, शहाणपणाने वेगवेगळ्या वेळी. थोरली स्वभावानुसार लवकर आली. धाकटी थोरलीच्या आधी पोचायचं म्हणून लवकर आली. दोघी दारातच आदळल्या.

"यांना सांगा, आधी माझी वेळ आहे," थोरली भिंगकाकाला म्हणाली.

"यांना सांगा, मी आत आले पण," म्हणत धाकटीने पाठीची खुर्ची पटकावली. थोरलीच्या वाट्याला स्टूल आलं.

थोरलीने रुमालाची गाठ सोडून पहिल्या वर्षीचं नाणं काढलं. त्यावरचं नाक इतकं उंच होतं की नाण्यावर नाणं ठेवलं की चळत डुगडुगायची. रोखपालांनी ओरड केली, म्हणून टांकसाळीने पुढच्या वर्षी नाक बसवलं. तेव्हापासून एक 'उंच नाक' आणि दुसरं 'बसकं नाक'.

"बघा, आहे की नाही माझं नाक?" थोरलीने मान वळवून दाखवली. "पुढे त्यांनी ते ठोकून बसवलं, त्याला मी काय करू?"

"ठोकलं नाही हो, सुधारलं. नवा ठसा बाबांनी माझ्यावरून केला," असं म्हणून धाकटीने आपलं नाणं पुढे सरकवलं आणि स्वतःचं नाक जेवढं वर होईल तेवढं केलं.

"पण तसं ते म्हणाले होते का?" भिंगकाकाने विचारलं.

"मला म्हणाले होते म्हणजे काय!" थोरली मध्येच उसळली. "'तुझाच चेहरा घेतोय, हिला सांगू नकोस.' दुपारभर समोर गप्प बसवायचे मला."

धाकटीचं नाक खाली आलं. "मलाही हेच म्हणाले होते."

भिंगकाका तोवर धाकटीने आणलेला फोटो न्याहाळत होता. घरच्याच कारखान्यात टेबलावर वाकलेले वडील, बाजूने टिपलेले. त्याने भिंग नाण्यावर नेलं, पुन्हा फोटोवर आणलं, आणि त्याचा चेहरा पडला. नाण्यावरच्या मुलीच्या कानाला वरच्या कडेवर एक खाच होती. पुस्तिकेत त्याने तिची नोंद 'ठशाचा दोष' अशी केली होती आणि खाचेच्या नाण्याला दीडपट भाव लावला होता. पण ठशाचा दोष त्या एका ठशापुरता असतो. इथे दोन वर्षांच्या दोन वेगळ्या ठशांवर तीच खाच, त्याच जागी! ज्या नाण्यांवर ती दिसत नव्हती, ती नुसती हातोहात फिरून झिजली होती. भाव लावण्याच्या भरात एवढं साधं त्याला सुचलं नव्हतं. आणि फोटोत वडिलांच्या कानाला तश्शीच खाच.

"नाण्यावरची ही खाच ठशाचा दोष नाही, यांच्याच कानाची आहे. काय झालं होतं कानाला?"

"कोंबडा!" दोघी एकदमच म्हणाल्या.

"लहानपणी टोचलं होतं त्यांना," थोरली म्हणाली आणि थांबली. मग पहिल्यांदाच बहिणीकडे वळली. "अगं, टेबलावर ते दोन आरसे असायचे, आठवतात?"

"मला वाटायचं, मला सगळ्या बाजूंनी बघायला ठेवलेत."

"स्वतःलाच बघत होते की गं!"

"मग आपल्याला कशाला बसवायचे?"

"घर शांत राहावं म्हणून! आईची झोप व्हायची दुपारी."

धाकटी खुर्चीतच हसून हसून वाकली. थोरलीला ठसका लागला. "वेणी घालून बसले आपले बाबा सगळ्यांच्या खिशात!"

"मग मी काय छापू?" भिंगकाकाने विचारलं.

"छापा, चेहरा कोरणाऱ्याचा स्वतःचा," थोरली म्हणाली. "आणि मला एक बसकं नाक द्या. बाबांची जोडी हवी."

"मला उंच," धाकटी म्हणाली.

भिंगकाकाची कळी खुलली. त्याने दोन छान नाणी काढून पुस्तिकेतला भाव सांगितला. थोरलीने चष्मा लावून पान वाचलं.

"यात खाचेचे जास्त लावलेत."

"तो दोषाचा भाव आहे, बाई."

"दोष? आमच्या बाबांच्या कानाला तुम्ही दोष म्हणता?"

"आत्ताच तर म्हणालात, दोष नाही म्हणून," धाकटीने री ओढली. "सोडू नकोस, ताई."

दोघी एकाच बाजूला बसल्यावर भिंगकाकाचं काय चालणार? साध्या भावात नाणी गेली, वर डब्या फुकट.

"माझे पैसे तू दे आत्ता, मी नंतर देते," धाकटी म्हणाली.

"तुझं नंतर मला माहीत आहे."

"कधी बुडवलेत गं तुझे?"

"घरी चल, सांगते."

आणि त्या तावातावाने भांडत, एकमेकींचा हात धरून पायरी उतरल्या.