हॉलमधला ज्वालामुखी

सोफेवाल्याला बायकोने साफ सांगून टाकलं होतं, "यंदा डोंगरावरून मागे फिरलात, तर पुढच्या वर्षीपासून मी आणि बाबाच जाऊ. तुम्हाला विचारणारसुद्धा नाही."

एरवी घरात त्याला न विचारता पुष्कळ गोष्टी होत आणि तो सुखाने सोफे शिवत बसे. ही मात्र लागली. मागच्या वर्षी त्या ज्वालामुखी डोंगराच्या पहिल्याच काळ्या राखेवर त्याने बसकण मारली होती, आणि तो कसा बसला हे सासरे वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला बसून दाखवत होते. सासरे निवृत्त ड्रायव्हिंग शिक्षक. उभा जन्म शेजारच्या सीटवरून दुसऱ्याच्या चुका काढण्यात गेलेला.

सोफेवाल्याने धंद्याच्या हिशेबाने विचार केला. दुकानात बसून बघितल्याशिवाय कोणी सोफा उचलत नाही. मग चालून बघितल्याशिवाय डोंगर कसा पत्करायचा? तिथे विवराच्या कडेवर पोचल्यावर 'नको, दुसरा दाखवा' म्हणायची सोय नाही. तेव्हा डोंगरच घरी आणून बघावा.

भट्टीवाल्याकडून जळक्या कोळशाचे खडे आणि राख पोत्यांनी आली. हॉलमध्ये सोफ्यांवर सोफे चढले, त्यावर फळ्या, फळ्यांवर राख. वाफेसाठी कोपऱ्यात किटली शिट्ट्या मारू लागली. गंधकाच्या वासाची जबाबदारी त्याने नासक्या अंड्यांवर टाकली.

"अहो, टीव्ही कुठाय?"

"विवराच्या पलीकडे."

"आणि फ्रिजपाशी जायचं कसं?"

"उजवीकडून ये. डावीकडची दरड सुटलीये."

खालच्या मजल्यावरच्या बाई कप घेऊनच वर आल्या. "भाऊ, माझ्या चहात तुमचा डोंगर पडतोय."

"झाकण ठेवा ना वहिनी. रविवारी हलवतोच."

बायको चिडली, पण फ्रिजमधलं दूध आणायला तिलाही बूट घालावे लागत. रविवार उजाडेपर्यंत दोघं ताटं हातात घेऊन ती चढण चढू लागले होते.

रविवारी सकाळी डोंगरावर निघायला सासरे काठी घेऊन हजर. दार उघडताच थबकले. "हे काय, जावईबापू?"

"सराव."

"याला सराव म्हणतात? खरा उतार वेगळाच असतो. बाजूला व्हा, बघा. टाच आधी. वजन मागे. घाई अजिबात..."

सासरे पुस्तकांच्या कपाटापासून निघाले ते थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबले. ते बसले होते, पण या खेपेला दाखवत नव्हते. डावा घोटा बघता बघता टम्म फुगला.

सोफेवाल्याने खुर्ची उचलतात तसे सासरे पाठीवर घेतले. "हात आत घ्या. आता जिना आहे." प्रत्येक वळणाला सासऱ्यांचा धड पाय त्याच्या बरगडीत ब्रेक दाबत होता.

"हळू! मागे बघितलंत का? मागे!"

"मागे तुम्हीच आहात."

खालच्या बाईंनी दार किलकिलं केलं. "हलवला का डोंगर?"

"आधी सासरे हलवतोय."

गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "आता कसलं जाणं! डॉक्टरकडे जाऊन घरी येऊ."

सोफेवाल्याने मनात गणित मांडलं. अब्रू शाबूत, गुडघे शाबूत, वर सासऱ्यांचं तोंड बंद. इतका किफायतीचा सौदा आयुष्यात झाला नव्हता. नुसती मान हलवायची होती. पण आज घरी बसलो, तर पुढच्या वर्षी ही विचारणार ते कशाच्या जोरावर? जिन्याच्या?

"डॉक्टर पायथ्याच्या गावातही आहे," तो म्हणाला, आणि आपलाच आवाज ऐकून दचकला.

"बरोबर," सासरे म्हणाले. "मी गाडीत बसून लक्ष ठेवीन. कुणीतरी ठेवायलाच हवं."

डॉक्टरांनी घोटा आवळून बांधला. सासरे गाडीत राहिले आणि नवरा-बायको चढू लागले. खरा डोंगर राक्षसासारखा उंच होता. दोन पावलं वर, एक खाली. दुपारी वाफाळत्या भेगांच्या वर, विवराच्या कडेखाली, बायको धापा टाकत थांबली. तिने वळून त्याच्याकडे बघितलं. तो तिथेच होता. राखेने काळा पडलेला, पण उभा.

"काय हो," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी त्या पलीकडच्या मोठ्यावर जायचं का?"

त्याला बोलायला श्वास पुरेना. त्याने नुसता हात वर केला. तो नको म्हणायला होता की हो म्हणायला, ते त्यालाही ठरवता आलं नव्हतं. तिने मात्र हो धरलं.

तेवढ्यात पार खालून गाडीचा हॉर्न वाजला, लांबलचक आणि रागावलेला. दोघंही मागे न बघता निमूटपणे डावीकडे सरकले.