हिरव्या झग्याचे कान

पौषातले ऊन सावंतवाडीच्या मोती तलावावर उतरते ते अनवाणी. हलकेच, चपला काठाशी काढून ठेवल्यासारखे. पाणी आधी रुपेरी होते, मग मधाळ, मग नुसतेच उजळ. पलीकडे नरेंद्र डोंगराच्या निळ्या खांद्यावरून धुक्याची शाल घसरते, घसरत राहते, आणि डोंगर काही ती सावरत नाही. त्याला हातच नाहीत, बिचाऱ्याला.

हे गाव लाकडाचे. लाकडाचे आंबे, लाकडाची केळी, लाकडाची वांगी. लाखेच्या रंगाने अशी तकतकलेली, की पाहुण्याने चुकून दात लावावा. आणि अशा या काष्ठफलांच्या गावात एका बाईने जन्मभर जीव लावला तो कागदाला.

तिचे नाव कुंदा. चितारआळीच्या मागल्या बोळात, जास्वंदीच्या लाल कुंपणाआड, ती ब्लाउज शिवते. चाळीस वर्षे शिवते आहे. गावातल्या तीन पिढ्यांचे खांदे तिला पाठ. कोणाचा उजवा उतरता, कोणाचा डावा मानी, कोणाच्या पाठीवर संसाराचा बाक आलेला. सारे तिच्या टेपला ठाऊक, आणि टेप कोणाला काही सांगत नाही.

मशीनच्या मागे एक शिसवी कपाट. काळेभोर, पितळी कड्यांचे, देवघरासारखे गंभीर. त्यात देव नाहीत. त्यात बाहुल्या आहेत.

कागदी बाहुल्या. पुठ्ठ्याची एक ताठ तरुणी, परकर-पोलक्यात नाहीतर लेसच्या अंतर्वस्त्रात जरा अवघडून उभी. आणि सोबत पानोपानी छापलेले तिचे कपडे. कात्रीने कापायचे, खांद्याशी नि कमरेशी ठेवलेले पांढरे चौकोनी कान मागे दुमडायचे, आणि ल्यायला द्यायचे त्या पुतळीला एकेक वस्त्र. इवलेसे, निरुपयोगी, अपरूप.

कुठून कुठून आल्या त्या. मुलांच्या मासिकांच्या मधल्या पानांतून आल्या, साबणाच्या वड्यांच्या खोक्यांतून आल्या. गोव्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवरून, बोटीवर काम करणाऱ्या तारवटींच्या ट्रंकांतून, समुद्राचा वास घेऊन आल्या. नऊवारीतली नाकेली आली, बेलबॉटममधली बिनधास्त आली, आणि केसाळ कॉलरचा कोट घातलेली एक गौरांगी आली, जिला या दमट कोकणात पाहूनच घाम फुटावा.

कुंदाचा नियम एकच. कापलेले नको. ज्या पानाला कात्री शिवली नाही, ते अक्षत. आणि अक्षत तेवढेच कपाटात. दिवसभर कात्री चालवणारी ही बाई, घाटदार खणांवर नि गर्भरेशमी जरीवर डोळा न लववता पाते घालणारी, कागदाच्या बाबतीत मात्र अशी सोवळी.

तिच्या सोवळ्यामागे एक जुने ओवळे होते. ते पंचावन्न वर्षांपूर्वीचे.

तेव्हा कुंदा पाच वर्षांची आणि तिची थोरली बहीण प्रमिला, घरची पमाताय, अकरा वर्षांची. वडिलांच्या एका तारवटी मित्राने परदेशातून येताना पमातायसाठी बाहुलीचा संच आणला. एक सोनकेशी पुतळी आणि चौदा झगे. घोड्यावर बसायचा, समुद्रकाठी फिरायचा, लग्नाचा लेसदार. आणि सर्वांत देखणा तो हिरवा, शेवाळी, पाचूच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा, पायघोळ. पमातायने पुतळीचे नाव ठेवले चंपावती. दोन महिने, रोज एक रेघ एक रेघ, श्वास रोखून, तिने ते चौदा झगे कापले.

आणि एका दुपारी, थोरली शाळेत असताना, धाकटीने मदत केली.

तिला ते पांढरे कान दिसले. इतक्या सुंदर झग्यांना हे काय लागले आहे, असे वाटले. कापायचे राहून गेले असणार, तायची नजर चुकली असणार. म्हणून तिने छोट्या मुठीत मोठी कात्री धरली, आणि जीभ दाताखाली दाबून, फार प्रेमाने, चौदाही झग्यांचे सारे कान कापून टाकले. मग ते ओळीने मांडून ती दारात बहिणीची वाट पाहत बसली. शाबासकीसाठी.

पमाताय रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तिने झगा चंपावतीच्या अंगाला लावला, तो घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. संध्याकाळपर्यंत ती भाताची खळ लावून नवे कान चिकटवत राहिली. ओल्या कागदाचा रंग तिच्या बोटांना लागला, झग्याला राहिला नाही. शेवटी तिने चंपावतीला सुपात निजवले, हिरवा झगा तिच्यावर नुसता पसरला, आणि म्हणाली, "आता ही निजूनच खेळतली."

एवढेच. त्या वर्षीच्या पावसाळ्यात वाळवीने ते सूप खाल्ले, चंपावती खाल्ली, झगे खाल्ले. ते एक वाक्य तेवढे वाळवीला पचले नाही.

बहिणी वाढल्या, हसल्या, भांडल्या, एकमेकींच्या बाळंतपणा-आजारपणाला धावल्या. म्हणजे बाळंतपणे पमातायची, धावणे कुंदाचे, कारण कुंदाने लग्न केले नाही. सगळे बोलणे झाले. त्या दुपारचे तेवढे झाले नाही. कुंदा त्याऐवजी शोधत राहिली. तोच संच, तीच सोनकेशी, तेच चौदा. सापडला की तायला द्यायचा, असे तिने जन्मभर मनाशी घोकले. बाकीच्या सगळ्या बाहुल्या ही त्या शोधातली वाटेवरची गावे होती.

आणि तो सापडला. तीन वर्षांपूर्वी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, मडकी आणि सुकी मिरची यांच्या मधल्या फटीत, जुने कागद विकणाऱ्या फिलोमिनाबायने तिला लांबूनच हाक मारली, "मेळ्ळी गो तुजी बावली." अक्षत. चौदाच्या चौदा झगे पानांत बसलेले, पांढरे कान शाबूत, हिरवा अजून ओला वाटावा इतका हिरवा.

परतीच्या एसटीत कुंदाने तो संच मांडीवर धरला, आणि बांदा येईपर्यंत तिला उमगले की आपल्याच्याने हा देववणार नाही.

कारण ताय काय म्हणेल, ते तिला ठाऊक होते. ताय म्हणेल, कात्री आण.

म्हणून तो संच कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात गेला. जुन्या चादरींखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. जिच्यासाठी शोधला तिच्यापासूनच लपवला. माणसाचे मन म्हणजे असले शिवणकाम. उलटे करून पाहिले तर सगळ्या गाठी आत.

या मार्गशीर्षात पमाताय तिच्या वेंगुर्ल्याच्या घरी, न्हाणीच्या ओल्या चिऱ्यावर पडली. खुब्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी ते सांधले आणि दोन महिने पाठ टेकून राहायला सांगितले. मुलगा मस्कतला. कुंदा रिक्षा घेऊन गेली आणि बहिणीला आपल्या घरी घेऊन आली. खाट मांडायला जागा एकच होती. मशीनच्या बाजूला, शिसवी कपाटाच्या समोर.

मग सुरू झाले दोन म्हाताऱ्या बहिणींचे पौषातले दिवस. खिडकीतून आंब्याच्या मोहोराचा आंबटगोड दरवळ, मशीनची लयबद्ध खडखड, आणि खाटेवरून अखंड टीकाटिप्पणी. कुंदा दुपारी एकेक संच काढून बहिणीला दाखवी. प्लास्टिकच्या पिशवीतूनच, लांबून, काठाला धरून.

"बरा झाला तू लगीन नाय केलंस ता," पमाताय म्हणाली. "नवऱ्याक पण असोच पिशयेत घालून ठेवला असतंस. हात लावू नका, मळतलो."

कुंदा हसली. हसता हसता तिने खालच्या कप्प्यापुढे आपला पाय सरकवला.

एका दुपारी ऊन खिडकीतून आत आले आणि चालत चालत खाटेवर चढले. पमातायच्या पायांवर, सांधलेल्या खुब्यावर, सुरकुतलेल्या हातांवर बसले. ती बराच वेळ आढ्याकडे पाहत होती. मग सहज, भाजी कुठली करायची विचारावे तितक्या सहज, म्हणाली, "चंपावती आठवता तुका? काय कंटाळली असतली गो ती, निजून निजून. माका आता कळता."

मशीन थांबले. सुई कापडात अर्धी रुतलेली, तशीच राहिली.

पंचावन्न वर्षे जे वाक्य दारात उभे होते, ते असे चपला न काढता आत आले, आणि त्याच्या चेहऱ्यावर कसला म्हणजे कसला राग नव्हता. पण क्षमा मागायला तोंड उघडावे, तर कुंदाच्या घशात पाच वर्षांची मुलगी बसलेली. तिला अजून शाबासकीच हवी होती.

ती उठली. खालच्या कप्प्यातल्या चादरी काढल्या, डांबराच्या गोळ्या घरंगळल्या. तिने तो संच पिशवीतून बाहेर काढला आणि उघडाच, नुसता, बहिणीच्या पोटावर ठेवला.

पमातायने चष्मा लावला. सोनेरी केसांवरून, लेसवरून, घोड्यावरच्या झग्यावरून तिचे बोट फिरत गेले, आणि हिरव्यापाशी थांबले. तिथे ते पुष्कळ वेळ राहिले.

"कधी गावली?"

"तीन वर्सां झाली."

पमातायने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. तीन वर्षांचा सारा हिशेब त्या एका नजरेत झाला, आणि मिटलाही.

"कात्री दी," ती म्हणाली.

खणांची कात्री, काजांची कात्री, दोरे तोडायची कात्री. मशीनच्या खणात पाच कात्र्या होत्या, आणि कुंदाचा हात पाचांवरून फिरून रिकामा परत आला. अक्षत म्हणजे काय, ते तिच्याइतके कोणाला कळणार? एकदा पाते फिरले की हा संच जगातल्या इतर सगळ्या संचांसारखा होणार: खेळलेला, दुमडलेला, मर्त्य. तिने पुन्हा हात घातला. भरतकामाची चिमुकली कात्री निवडली, बगळ्याच्या चोचीसारखी, आणि ती पात्याकडून स्वतःच्या मुठीत धरून, कड्या बहिणीकडे करून, दिली.

आणि पाठ फिरवून शिवायला बसली. पाहवणार नव्हते.

पाच दुपारी चालले ते. पाठीमागे उशांना टेकून पमाताय कापत होती, आणि कुंदा नुसती ऐकत होती. कच्, कच्, थांबणे, श्वास सोडणे, पुन्हा कच्. पहिल्या दुपारी प्रत्येक आवाज तिच्या पाठीच्या मणक्यावर उमटला. दुसऱ्या दुपारी ब्लाउजची बाही उलटी लागली, चाळीस वर्षांत प्रथमच. तिसऱ्या दुपारी तिच्या लक्षात आले की आपल्या पायाची आणि त्या कात्रीची लय एक झाली आहे. चौथ्या दुपारी ती वळून बसली.

गोधडीवर कपट्यांचा मोहोर पडला होता. पांढरा, हलका, फुंकरीसरशी उडणारा. आणि त्यात पासष्ट ओलांडलेली एक मुलगी, जीभ दाताखाली दाबून, समुद्रकाठच्या झग्याची पट्टी न् पट्टी कापत होती. हात थरथरत होता, रेघ थरथरत नव्हती. प्रत्येक कान शाबूत होता.

पाचव्या दुपारी हिरवा उरला.

तो तिने सर्वांत सावकाश कापला. पायघोळाच्या चुण्या, मनगटाची झालर, गळ्याचा अर्धचंद्र. चार कान, पांढरेशुभ्र. झगा तळहातावर ठेवून तिने दोन्हीकडून न्याहाळला. मग कात्री पुन्हा उचलली, आणि कुंदाच्या डोळ्यांदेखत, कच्, कच्, कच्, कच्. चारही कान कापून टाकले.

"अगो ताय." कुंदा उठून उभी राहिली. "ह्या काय केलंस?"

"तेरा झगे उभीचे झाले," पमाताय म्हणाली. "एक निजलेलीचो नको? माका आता चांगलो अनुभव आसा."

मग झगा उन्हात धरून, कडा पाहून म्हणाली, "आणि खरा सांगू? तू कापलेलो तोच बरो दिसायचो. नीटस."

शाबासकी अशी येते. पंचावन्न वर्षे उशिरा, तिरक्या पावलांनी. कुंदा खाटेच्या कडेवर बसली, आणि तिच्या अंगावरच्या शालीच्या घडीत ते कापलेले चार कान अडकले. तिच्या डोळ्यांतून जे आले ते तिने पदराने पुसले नाही. टेपने पुसले, गळ्यात तोच होता.

"रडतंस कित्याक गो? कापताना मी रडाक होया होता. बोटां दुखतत."

"तू निज आता."

"निजलेलीच आसंय."

कुंदाने नव्या चंपावतीला उशीच्या बाजूला आडवे निजवले. हिरवा झगा तिच्यावर पसरला. कान नसलेला, नुसता, भरवशावर. तो घसरला नाही. निजलेल्यावरून काही घसरत नाही.

ऊन खाटेवरून उतरून उंबऱ्याकडे निघाले होते. मोहोराचा वास जड झाला होता. पमातायचे डोळे मिटले, बगळ्याची चोच मिटली, मशीन मिटले. कुंदाने आपल्या अंगावरची शाल काढली, झटकली. चार पांढरे कान तिच्यातून उडाले आणि जमिनीवर, फुलांसारखे, कुठेही पडले. मग ती शाल तिने बहिणीच्या खांद्यापासून पायापर्यंत पसरली.

दुमडली नाही, खोचली नाही, कुठे अडकवली नाही.

तशीच राहिली ती शाल. श्वासाबरोबर वर, श्वासाबरोबर खाली. आणि हिरव्या झग्याशेजारी, कलत्या उजेडात, तशीच राहिली.