टोकाकडचं पोतं

सकाळपासून शिवकन्येचा पाय एका जागी ठरत नव्हता. नावेच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना बांधलेला दोर ती पुन्हा पुन्हा ओढून बघत होती. दोन्ही फाटे इंजिनामागे एका कडीत येत होते. तिथून पुढे लांब दोर, आणि त्याच्या शेवटची मूठ धरून पाण्यात बसलेला अंगद, तिचा धाकटा भाऊ. पायांत स्कीच्या फळ्या, अंगात लाल जॅकेट.

माजलगावच्या धरणावर वॉटर स्कीइंग सुरू करायचं खूळ त्यांच्या वडिलांचं, धोंडीरामअण्णांचं. त्यांनी मासेमारीची जुनी फायबरची नाव घेतली, इंजिन बसवलं, मागचं दिसावं म्हणून मोटरसायकलचा आरसा लावला. नाव हाकायला शिवकन्येला शिकवलं. दिवाळी झाली आणि एका पहाटे ते झोपेतच गेले. माणूस ओढून बघायचं राहूनच गेलं.

आता अंगदने इंजिन वाळूवाल्या राजेश्वरला विकायचं कबूल केलं होतं. टेम्पो आजच यायचा होता. त्याआधी नावेने एकदा तरी अंगदला पाण्यावर उभं केलं तर इंजिन घरी राहील, एवढं शिवकन्येने त्याच्याकडून वदवून घेतलं होतं.

पहिल्या खेपेला इंजिन किंचाळलं, नाव मात्र जागची हललीच नाही म्हणावं अशी रेंगाळली आणि तिने तोंड पाण्यात खुपसलं. अंगदवर लक्ष ठेवायला मागे तोंड करून बसलेल्या, अण्णांच्या हाताखालच्या सटवाने हात वर केला: अंगद पडला. पंखा खोल जावा म्हणून शिवकन्येने इंजिन एक भोक खाली बसवलं, दोराच्या गाठी सोडून पुन्हा मारल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच. पंखा नुसता हवा घुसळत होता.

"आक्के, मी काय इथं पाणी प्यायला आलोय का?" अंगद धापा टाकत म्हणाला. "इंजिनात दम न्हाई. अण्णा गेले तवाच गेला त्याचा."

तिने काठाकडे पाहिलं. काठावर टेम्पो येऊन थांबला होता. राजेश्वर दार उघडं टाकून फोनवर बोलत होता.

तिने नावेत नजर फिरवली. पुढच्या टोकाला दगडांचं पोतं होतं. खंडेनवमीला अण्णांनी इंजिनाबरोबर तेही पुजलं होतं. त्यावरचा हळदीचा डाग अजून होता, वाळलेला झेंडू होता. पुजलेलं म्हणून त्याला कुणी हात लावला नव्हता. पोतं भरताना अण्णा स्वतःवरच हसले होते, ते तिला आठवलं: "मी मागं बसलो की नाव आभाळ बघती."

मागे, इंजिनाशी, आता ती बसली होती. वजनाने अण्णांच्या निम्मीही नव्हती.

पुढचे दगड त्यांचं वजन तोलायला होते. ते वजनच आता नावेत नव्हतं. म्हणून शेपूट उचललं जात होतं.

"सटवा, पोतं सोड."

"पुजल्यालं हाय, आक्का." त्याने हात मागे घेतले.

मग तीच पुढे गेली. पोत्याचं तोंड सोडलं. दगड एकेक उचलून पाण्यात सोडताना ती कुठेही घाई करत नव्हती, सकाळपासून पहिल्यांदाच. अंगद लांबून बघत होता. एक बारका दगड तिच्या हातात जरा जास्त वेळ राहिला. मग तोही गेला.

रिकाम्या पोत्याची घडी घालून तिने ती मागच्या बैठकीवर ठेवली, आणि त्यावर बसली.

दोर हळूहळू ताणला गेला. तिने इंजिनाची मूठ पिळली. नाव तोंड वर करून क्षणभर अडखळली, मग पाण्यावर सपाट होऊन पळाली. सटवाचे दोन्ही हात मांडीवर होते. एकही वर गेला नाही.

तिने आरशात बघितलं. अंगद उभा होता. पाय लटपटत होते, तोंड उघडं होतं, पण उभा होता.

टेम्पोसमोरून जाताना तिने वेग कमी केला नाही. राजेश्वरने फोन कानापासून दूर धरला. मागून अंगद ओरडला, "थांबू नको, आक्के!" आणि ती लांबचं वळण घ्यायला निघाली.