पाहुण्याची डावी टाच

बटणांना हात लावला नाही, तर पडद्यावरचा तो दर सात सेकंदांनी डावी टाच उचलतो आणि परत टेकवतो. टेकवताना आधी पायाची बाहेरची कड लागते, मग टाच. चित्रफीत संथ करून मी हे तीन वेळा मोजलं. खेळातल्या बाकीच्या एकवीस लढवय्यांपैकी कुणाचाही पाय असा पडत नाही.

तो माझा दादा आहे. होता. गेम बनवणाऱ्या कंपनीत तो अंगभर खुणा चिकटवून कॅमेऱ्यांसमोर चालायचा, लाथा मारायचा, पडायचा. त्यावरून लढवय्ये घडायचे. त्यांच्या चाली नंतर घासूनपुसून गुळगुळीत केल्या जात. सोबत्यांनी गंमत म्हणून दादाची चाल मात्र तशीच ठेवली आणि खेळात लपवली. निवडीच्या पडद्यावर दोन बटणं दाबून धरली की कोपऱ्यातला रिकामा चौकोन उघडतो. खाली नाव येतं : पाहुणा.

दादाला जाऊन वर्ष झालं. नसांचा आजार, रक्ताच्या नात्यातून येणारा. भावंडांना आणि मुलांना तो असण्याची शक्यता निम्मी. रक्त तपासलं की कळतं. लवकर कळलं तर औषधाने त्याचा वेग कमी करता येतो. अकरा महिने झाले, मी तपासणी केलेली नाही. दादाच्या मुलीने, माझ्या भाचीनेही नाही.

"आत्या, तू बटणं दाबतेस की लिफ्टची वाट बघतेस?" भाची म्हणाली. रविवारची दुपार होती. "मार ना!"

"मारतेय."

"कुठे मारतेयस? नुसती फिरवतेयस त्याला."

खरं होतं. मी त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत होते. माणसांचं चालणं मोजणं हेच माझं काम. आठ वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या आमच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं, तेव्हा ते जुळवायला एक ठणठणीत माणूस हवा होता. मी दादाला बोलावलं. आकड्यांत त्याचा डावा पाय उशिरा पडत होता. घरचा माणूस, कधी साधी सर्दी नाही. त्याच्यात कसली खोट? मी यंत्रात खोट धरली आणि तेवढा फरक वजा करून टाकला. आठवड्याने दुरुस्तीवाला आला. म्हणाला, यंत्र चोख आहे. मी वजाबाकी काढून टाकली, दादाचे आकडे पुन्हा न बघता कागद फाईलला लावला आणि पुढच्या रुग्णाला आत घेतलं.

आता भाचीनेही पाहुणाच निवडला. दोन दादा समोरासमोर, एक करडा, एक निळा. आम्ही दोघींनी नकळत बटणांवरून बोटं काढली. दोघांच्या टाचा एकाच क्षणी उचलल्या गेल्या.

"ओट्यापाशी बाबा अस्साच उभा राहायचा," ती हळू म्हणाली. "मला वाटायचं, स्टाईल मारतोय."

"मी तर मोजलंही होतं."

"काय मोजलं होतंस?" दारातून वहिनीने विचारलं. तिच्या हातात टॉवेलांची घडी होती.

मग सगळं सांगितलं. यंत्र, वजाबाकी, कागद. वहिनी खुर्चीच्या कडेवर टेकली.

"तेव्हा कळलं असतं तर?"

"तेव्हा हे औषध नुकतंच आलं होतं. वेग कमी झाला असता. किती, ते सांगता येत नाही."

"तरीच वर्षभर माझ्याकडे बघून बोलत नव्हतीस. मला वाटलं, घाबरलीयस."

"तेही आहेच."

पडद्यावर वेळ संपली. कुणीच जिंकलं नव्हतं. खेळ पुन्हा सुरू झाला. ते दोघे तसेच उभे.

"मला मागच्या महिन्यातच तपासणीला जायचं होतं," भाची म्हणाली, "अठरा पूर्ण झाले तेव्हाच. आई म्हणाली, आत्या एवढी शिकलेली, तीसुद्धा जात नाही, म्हणजे न जाण्यातच शहाणपण असणार."

टॉवेलाची घडी मोडून वहिनीने पुन्हा घातली. माझ्या निकालावरून भाचीचा निकाल ठरत नाही, हे मला ठाऊक होतं; वहिनीलाही ठाऊक होतं. पण माझी भीती या घरात शहाणपण म्हणून चालली होती.

मी रिमोट खाली ठेवला.

"वहिनी, माझं न जाणं चूक होतं. उद्या सकाळी साडेआठला मी रक्त द्यायला जाणार आहे."