न पिवळणारा डाग

ताईच्या नजरेला कारखान्यात सगळे वचकून असत. सूत रंगवण्याच्या त्या कारखान्यात गेली सव्वीस वर्षं ती एकच काम करत होती. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्याशी रंगवलेली लडी जुळते की नाही, ते खिडकीच्या उजेडात बघून सांगायचं. तिने नकारार्थी मान हलवली की लडी परत रंगाच्या टाकीत. मालकानेही तिच्याशी कधी हुज्जत घातली नव्हती.

तिचा धाकटा भाऊ सुतार. दीड वर्षापूर्वी त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले, तेव्हा ताईने आपली एक देऊन टाकली आणि तीन महिन्यांत पुन्हा खिडकीपाशी उभी राहिली. कुणी कौतुक करू लागलं तर म्हणायची, "नमुना जुळला, दिली."

एका रविवारी धाकटा तिच्याकडे आला आणि पाय वर घेऊन पलंगावर ऐसपैस पसरला. तेव्हा तिला त्याच्या नडगीवर तीन जांभळे डाग दिसले. फळी लागली असेल, तो म्हणाला. सुताराच्या नडग्या म्हणजे मार खायलाच केलेल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनीही मुका मार म्हणून मलम दिलं होतं. किडनीच्या तपासणीत रक्त चांगलं निघाल्यावर त्याचे पाय बघायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

ताईला मात्र चैन पडेना. मुक्या माराचे रंग तिला पाठ होते. आधी निळा, मग हिरवट, मग पिवळा आणि दोन-तीन आठवड्यांत गायब. पुढच्या रविवारपासून तिने धाकट्याला खिडकीपाशी बसवायला सुरुवात केली. डागाशी हुबेहूब जुळणारा धागा शोधायचा, पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि खाली तारीख लिहायची. माझ्या नडगीचा स्वेटर विणणार आहेस का, असं तो विचारायचा. ती त्याला गप्प बसवायची.

चौथ्या रविवारी पुठ्ठ्यावर चार धागे होते. प्रत्येक आधीच्यापेक्षा गडद, पिवळेपणाचा मागमूस नाही. डाग बोटाला जाड लागत होते, दाबले तरी फिके पडत नव्हते आणि तळपायावर दोन नवे उठले होते. सोमवारी तिने रजा टाकली आणि भावाला घेऊन मोठं हॉस्पिटल गाठलं.

तिथल्या तरुण डॉक्टरने कागद चाळले. पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे, मार लागल्याचं इथे दाखवायची गरज नाही, असं तो समजावू लागला. ताईने आवाज चढवला नाही. पुठ्ठा त्याच्यासमोर ठेवला.

"हा मार असता तर दुसरा धागाच पिवळा असता आणि चौथा लागलाच नसता."

त्याने एकेक धागा खालच्या तारखेशी ताडून पाहिला. मग स्वतः उठून दोघांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

बाईंनी भिंगातून डाग पाहिले. तोंड उघडायला लावून टॉर्च मारला, तर टाळूवरही एक जांभळट चट्टा निघाला. जागा बधिर करून त्यांनी नडगीच्या कातडीचा दाण्याएवढा तुकडा तपासायला काढला. आठवड्याने रिपोर्ट आला. कपोसी सार्कोमा.

बाईंनी सगळं सावकाश समजावून सांगितलं. हा कर्करोग आहे. त्याच्यामागे एक विषाणू असतो, तो शरीरात वर्षानुवर्षं झोपून राहतो. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून जी औषधं देतात, ती शरीराचा पहारा ढिला करतात आणि मग हा जागा होतो.

ताईने लगेच विचारलं, "तो माझ्या किडनीतून गेला का?"

बाईंनी खोटा धीर दिला नाही. तो त्याच्या अंगात आधीपासून असेल किंवा किडनीबरोबर आला असेल, आता ते सांगता येणार नाही, म्हणाल्या.

धाकटा ताईकडे वळला. "ताई, तू किडनी दिलीस म्हणून हे ऐकायला मी इथे बसलोय. आणि हा चोर कुठूनही आलेला असो, पकडला तूच."

छातीचा स्कॅन झाला, पोटात दुर्बीण घालून पाहिलं. आत काही पसरलं नव्हतं. त्यामुळे केमो लगेच द्यावी लागली नाही. बाईंनी आणि किडनीच्या डॉक्टरांनी मिळून पहारा ढिला करणारं मुख्य औषध बंद केलं आणि त्याऐवजी दुसरं सुरू केलं, जे किडनीही सांभाळतं आणि अशा गाठींनाही आवर घालतं. मात्र या अदलाबदलीत किडनीच रुसण्याची भीती होती. दर आठवड्याला रक्त तपासायचं आणि किडनीचा आकडा ऐकेपर्यंत दोघंही हॉस्पिटलचं बाक सोडायची नाहीत. किडनी जागची हलली नाही. तिसऱ्या महिन्यात डाग सपाट झाले. सहाव्या महिन्यात टाळू स्वच्छ झाली आणि नडगीवर फिकट तपकिरी खुणा तेवढ्या उरल्या.

मग एक दिवस बाईंनी ताईला वर्गात बोलावलं. समोर चाळीसेक शिकाऊ डॉक्टर. पहिल्या रांगेत तोच तरुण डॉक्टर, वही उघडून बसलेला. आधी ताई नुसता पुठ्ठा पुढे धरून उभी राहिली. पण एकदा रंगांवर बोलायला लागली तशी ती खुलली. डाग दिव्याखाली नाही, दिवसाच्या उजेडात बघा, म्हणाली. आज बघितलात तर आठवड्याने पुन्हा बघा. आणि पाय झाकलेले असतील तर उघडायला सांगा, लाजू नका. पोरं भराभर लिहून घेत होती.

मागच्या बाकावर धाकटा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बोलावणं येण्याची वाट पाहत ऐटीत बसला होता. शेजारच्या मुलीने हळूच विचारलं, या तुमच्या कोण?

"बहीण," तो म्हणाला. "किडनीसकट सख्खी."